सहावी पुंगळी

शंकरदादा आज सकाळी गेले. त्यांची नोकरी मी खाल्ली होती.

हो, मीच. RIP टाकायच्या आधी पूर्ण वाचा.

दादा साताऱ्याकडचे. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि इथे दुबईबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर लागले. दोन वर्षांपूर्वी आमच्या हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसची टीम आउटिंग तिथे होती.

मला भारी हौस. सगळ्यात मोठं रिव्हॉल्वरच पाहिजे. फोर्टी-फोर मॅग्नम!

दादांनी ट्रेमध्ये सहा काडतुसं उभी मांडली. बोटाएवढं एकेक.

"सायेब, रानडुक्कर लोळवायची गोळी हाय ही. अस्वल अंगावर आलं तर जीव वाचवायची. एक्सेल शीट न्हवं. दोनी हातांनी घट धरा."

पहिल्याच बाराला माझे हात कपाळापर्यंत उडाले. सगळे हसले, दादासुद्धा.

सहा बार झाल्यावर त्यांनी रिकाम्या पुंगळ्या ट्रेमध्ये ओतल्या. त्यातली एक मी हळूच खिशात टाकली. लेकीला दाखवायला.

रेंजचा नियम असा, की जेवढी काडतुसं दिली तेवढ्या पुंगळ्या परत. इथे त्यात मस्करी चालत नाही.

संध्याकाळी दादांचा फोन. "सायेब, एक पुंगळी कमी भरतीय. खिसे बघता का जरा?"

समोर लेक ती हातात धरून विचारत होती, "बाबा, इज धिस गोल्ड?"

माझं व्हिसा रिन्युअल चालू होतं. तंतरली माझी.

"नाही हो दादा, माझ्याकडे नाही."

रेंजचा मॅनेजर म्हणाला, खलास, हवालदाराची मोजणी चुकली. दादा एसी रेंजवरून थेट गेटवर, पहाऱ्याला. ऐन जुलैत!

आठवड्याने राहवेना, म्हणून गेलो. पुंगळी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती परत माझ्या हातात कोंबली.

"आता दिली तर तुमच्यावर केस हुईल. पोरगी ल्हान हाय तुमची."

मग म्हणाले, "म्हंजे मोजणी माजी बरोबर हुती न्हवं?"

एवढंच विचारलं. अहो, शिवी तरी घालायची होती!

काही महिन्यांत ते नोकरी सोडून गावी गेले.

आज त्यांच्या मुलाचा फोन आला. "शेवटपर्यंत बाबांचा एकच धोशा, मोजणी चुकली नव्हती. तुम्हाला काही माहितीये का?"

दुसऱ्यांदा नाही म्हणवलं नाही. सगळं सांगितलं. त्याने फोन ठेवला.

आत्ता रेंजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितोय. पुंगळी खिशात आहे. मॅनेजर आत आहे. बायको फोनवर ओरडतेय, "वेड लागलंय का? व्हिसा जाईल!"

जाऊ दे.

दादा, तुम्ही सहा गोळ्या दिल्या होत्या. पुंगळ्याही सहाच होत्या. सहावी घेऊन आत चाललोय.

माफी मागायला तोंड नाही. निश्चिंत जा तुम्ही.