माझ्यापुरता दिवा

थापा मारणं हा आमचा पिढीजात धंदा नव्हे. तो मी स्वकष्टाने उभा केला. चौतीस वर्षं मोजणीखात्यात काढली. तिथे इंचाचा फरक पडला तरी दोन सख्खे भाऊ कोयते घेऊन बांधावर उभे. दिवसभर इतकं खरं बोलावं लागल्यावर माणूस संध्याकाळी थापा मारणार नाही तर काय करणार? अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झालो तेव्हा सबंध रत्नागिरी तालुक्यात माझ्या तोडीचा थापाड्या उरला नव्हता. एक होता पूर्णगडला, पण तो वारला.

निवृत्तीच्या आधी दीड वर्ष बायको गेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात मी आणि पाली. पाल चुकचुकली तरी मी 'आलो, आलो' म्हणत दाराशी जायचो. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याला मी उलट उत्तरं देत असे आणि तो बिचारा ऐकून घेई. थाप मारायला समोर कान लागतो हो. भिंतीला थाप मारून बघा, आपल्यालाच परत येते.

आमच्या आणि शेजारच्या ठिकाणामध्ये (घर, परस, विहीर मिळून आमच्याकडे ठिकाण म्हणतात) गडगा होता, म्हणजे दगडावर दगड रचून केलेलं कुंपण, आणि त्याच्या पलीकडे बाई राहायच्या. बाई इस्पितळात नर्स होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी जन्मल्याबरोबर पाय धरून उलटं टांगलेलं, त्यामुळे मोठमोठे बागायतदारसुद्धा त्यांच्यासमोर नीट उभे राहायचे. त्या बेने इस्रायली. कोकणात पूर्वी ज्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद, त्यांच्यातल्या. मराठी माझ्यापेक्षा चोख. कोलंबी आणि कुर्ल्या खात नसत, खवल्याचा मासाच हवा, त्यामुळे मिरकरवाड्याची मासेवाली त्यांच्यावर कायमची नाराज. नवरा वारलेला, मुलगा दूर इस्रायलला स्थायिक झालेला. गावात त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं.

नव्व्याण्णव सालातली गोष्ट. शुक्रवार होता, सूर्य नुकताच बुडालेला. आमच्या बाजूचा वारा म्हणजे असा की कोंबडी आमच्याकडे बसली तर अंडं शेजारी पडतं. त्या वाऱ्याने बाईंच्या पडवीतला दिवा विझला. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल तेल आणि वात, असा त्यांचा शुक्रवारचा दिवा. पाहतो तर बाई काळोखात तशाच बसलेल्या. मी गडगा ओलांडला.

"बाई, आहात ना?"

"आहे. जाते कुठे?"

"मग काळोखात का? काडेपेटी आणू?"

"काडेपेटी आहे हो. आमचा शब्बाथ लागला. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत आम्ही विस्तवाला हात लावत नाही, विजेच्या बटणालाही नाही."

"एवढंच ना? मी लावतो."

"माझ्यासाठी नको."

आता आली का पंचाईत! मी काडी हातात धरून उभा. बाई म्हणाल्या, "आमचे वडील सांगायचे. दुसऱ्या धर्माच्या माणसाने आपल्यासाठी म्हणून दिवा लावला, तर त्या उजेडात बसायचं नाही. त्याने स्वतःच्या कामासाठी लावला असेल तर खुशाल बसावं. उजेड एकाला पुरतो तसा दहांना पुरतो."

"आणि लावणाऱ्याच्या मनात काय आहे ते कोणाला कळणार?"

"त्याचं त्याला."

मी लगेच म्हणालो, "बाई, माझी चप्पल हरवली. शोधायला उजेड पाहिजे." चप्पल पायात होती. दिवा लावला, चप्पल शोधली, दीड तास सापडली नाही. तेवढ्यात माझ्या चार थापा सांगून झाल्या आणि बाईंनी चारही पकडल्या.

तेव्हापासून दर शुक्रवारी माझं काहीतरी त्या पडवीत हरवू लागलं. अडीच वर्षांत मी तिथे किल्ल्या, छत्र्या, दोन चष्मे आणि एक न सोललेला, असोला नारळ हरवला. वारा पडलेला असला तर पडवीच्या पायरीवर उभा राहून मी शिंकायचो. माझी शिंक साधी नाही, मिऱ्या बंदरातल्या होड्या तिच्यावर शिडं लावून निघत. दिवा विझायचा, बाई "वारा फार आहे हो आज" म्हणायच्या आणि मी काडी ओढायचो. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस मी या एका संध्याकाळच्या तयारीत घालवायचो. कुठली थाप सांगायची, कशी फुलवायची, याचा सराव परसातल्या फणसासमोर करायचो. शनिवारी सकाळी उठलो की वाटायचं, आता थेट पुढचा शुक्रवार.

हे गावात सांगण्यासारखं होतं का? विधुर माणूस, एकटी बाई, दर शुक्रवारी तिन्हीसांजेला. एक दिवस टपरीवर आमच्या शाळामास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलंच, "काय वो मोजणीदार, गडग्यावरून उड्या मारताय म्हणे या वयात?"

'घरात करमत नाही' असं म्हणालो असतो तर माणसं गप्प झाली असती. मग कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला असता. त्या हाताची मला फार धास्ती. मी डोळा मारला आणि म्हणालो, "अहो मास्तर, दहा गुंठ्यांचं ठिकाण, वारस परदेशात. मी काय तिथे देवदर्शनाला जातो?"

सगळ्यांचे चेहरे कसे निवळले! लोभ म्हटला की आमच्याकडे पुढचं समजावून सांगावं लागत नाही. टपरीवाल्याने न मागता चहा पुढे केला. मग मीही सुटलो. मोजणी मनातल्या मनात झालीय म्हणालो. विहिरीचं तर असं वर्णन केलं की सोमवारी आत पडलेला नारळ बुधवारी 'डुबुक' म्हणतो. त्या दिवसापासून मी गावात लबाड आणि हुशार ठरलो आणि शुक्रवारी जायला मोकळा झालो.

अशाच एका शुक्रवारी बाईंनी त्यांच्या हिब्रू शास्त्रातली गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांना कीर्तनाचा नाद होता. त्यांच्यात मराठी कीर्तनं होत, झांजा-पेटीसकट, फक्त कथा जुन्या यहुदी लोकांच्या. बाईही तशाच सांगायच्या, मध्येच हात उडवून.

एक सेनापती होता परमुलखातला. अंगावर कोड फुटलेलं. तो एका देवमाणसाकडे आला. देवमाणूस म्हणाला, नदीत सात बुड्या मार. त्याने मारल्या आणि कातडी तान्ह्या पोरासारखी झाली. सेनापतीने चांदी, सोनं, भरजरी कपडे पुढे ठेवले. देवमाणूस म्हणाला, मला काही नको. हे सगळं त्याचा गडी बघत होता. सेनापतीचा रथ निघाला तसा हा धावत सुटला आणि गाठून म्हणाला, 'धन्याने पाठवलंय. डोंगरातून दोन गरीब पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी थोडी चांदी आणि दोन जोड कपडे द्या.' सेनापतीने दुप्पट चांदी दिली. गड्याने ती घरात लपवली आणि साळसूदपणे धन्यापुढे येऊन उभा राहिला. धनी म्हणाला, 'कुठे गेला होतास?' हा म्हणाला, 'मी? मी कुठेच नाही गेलो.' आणि सेनापतीचं कोड त्याच्या अंगावर आलं.

"थाप कच्ची होती," मी म्हणालो. "दोन पाहुणे कोण सांगतं? मी अख्खी वऱ्हाडाची पंगत बसवली असती."

"तुम्ही गप्प बसा. आणि ते कोडाचं मला पटत नाही. मी तीस वर्षं रोग्यांना औषधपाणी केलंय. रोग हा कोणाच्या पापाचा नसतो. माझ्या मते त्याची शिक्षा त्याआधीच झाली होती."

"कधी?"

"धन्याला सगळं ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं, कुठे गेला होतास. म्हणजे दार उघडं ठेवलं होतं हो. चांदीचा मोह कोणालाही होतो. पण ज्याच्याजवळ इतकी वर्षं काढली त्याने सरळ विचारलं, तेव्हा याच्याने खरं बोलवलं नाही. त्यानंतर दोघं एका घरात राहिले तरी काय आणि न राहिले तरी काय?"

मला ती गोष्ट फार आवडली. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी ती पाहुण्यांच्या जागी दोनशे वऱ्हाडी घालून सांगितली.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात बाईंच्या मुलाचं पत्र आलं. आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. दिवाळीपर्यंत कळव. बाई दोन शुक्रवार काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाल्या, "जावं की राहावं, मला ठरवता येत नाही. तिथे मुलगा आहे. तिथली भाषा मला प्रार्थनेपुरती येते, भाजी घ्यायला येत नाही. बघते, इथे माझं कोण आहे ते."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. 'जाऊ नका' एवढं पुरलं असतं. मी म्हणालो, इस्रायलात नारळ मिळत नाहीत, एकाने नेला होता तर विमानात फुटला. बाई हसल्या. घरी येऊन मी ठरवलं की पुढच्या शुक्रवारी सरळ सांगायचं. आठवडाभर फणसाला सांगून पाहिलं. 'बाई, मला घरात करमत नाही. तुम्ही गेलात तर मी कोणाशी बोलू?' फणसासमोर बिनचूक यायचं.

त्या शुक्रवारी सकाळी मासेवालीने बाईंच्या दारात पाटी उतरवली. सौंदाळे देता देता म्हणाली, "बाय, इकायचं झालं तर त्या मोजणीदाराला पयलं इचार. सगळा बाजार सांगतो, त्याचा डोला हाय तुज्या ठिकानावर." हे मला नंतर तिनेच सांगितलं, वर "मी चांगलंच केलं ना?" असंही विचारलं.

संध्याकाळी गेलो. दिवा आपोआपच विझलेला, शिंकायची गरज नव्हती. मी खिशातून काडेपेटी काढली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आज चप्पल-बिप्पल नको. इतके शुक्रवार तुम्ही कशासाठी येत होतात? लोक म्हणतात, ठिकाणासाठी. मला लोकांचं नको, तुमचं सांगा."

काळोखात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फणसाला सांगितलेलं वाक्य घशापर्यंत आलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाने ते मोठ्याने म्हणायचं म्हणजे भर बाजारात धोतर सुटण्यातला प्रकार. आणि तोंडाला वळण दुसरं. मी खदाखदा हसलो आणि म्हणालो, "आता काय लपवायचं बाई! विहीर हो, विहीर! तुमच्या विहिरीवर जीव जडलाय माझा."

मला वाटलं, ही थापही पकडतील. आजवर एक सुटली नव्हती. मी वाट बघत उभा राहिलो.

मग बाई म्हणाल्या, "म्हणजे स्वतःसाठीच येत होतात. बरं झालं. इतके दिवस त्या उजेडात बसले त्यात काही खोट नव्हती. लावा दिवा."

तीन काड्या मोडल्या. चौथी लागली. दिव्याच्या उजेडात त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या पत्राची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "खरं बोललात हे चांगलं केलंत. विकायचं तर तुम्हालाच विकीन."

त्याच क्षणी 'थाप होती हो ती' म्हणायला हवं होतं. पण शेजारीण तुमच्या खरेपणाचं कौतुक करत असताना तो खोटा होता हे कसं सांगायचं, याची तालीम मी फणसासमोर केलेली नव्हती.

दिवाळीनंतर खरेदीखत झालं. फंडाचे पैसे त्यात घातले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. निबंधकाच्या कचेरीत कारकुनाने बाईंना विचारलं, "राजीखुशीने देताय ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?" बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग "राजीखुशीने" म्हणाल्या. त्या बघण्याएवढा वेळ माझ्याजवळ होता. मी कारकुनाला म्हणालो, "साहेब, मी लहानपणी या विहिरीत पडलो होतो. वर येईपर्यंत मिशा फुटल्या." सगळी कचेरी हसली. बाईही हसल्या, पदराने डोळे पुसेपर्यंत. मग सही केली आणि अंगठ्याला शाई लावून ठसाही दिला.

जायच्या दिवशी मी त्यांची पेटी रिक्षात ठेवली. बसल्यावर म्हणाल्या, "विहिरीत गप्पी मासे सोडलेत. औषध टाकू नका." रिक्षा वळली. मी थोडा धावलोही, पण माझ्याकडे गाठून सांगण्यासारखी थाप नव्हती आणि खरं सांगायचं तर रिक्षा थांबवावी लागली असती.

आता ठिकाण माझं. मधला गडगा काढावा असं टपरीवरचे सुचवतात, एकच मोठं ठिकाण होईल म्हणतात. मी काढलेला नाही. पहिले काही शुक्रवार मी पलीकडे जाऊन पडवीत बसलो. दिवा लावायचा तर आता पूर्ण हक्काने, माझ्यापुरताच, पण तेल ओतून नुसतंच बसून राहायचो. मग जायचं सोडलं.

बरेच महिने टपरीवरही गेलो नव्हतो. गेलो तेव्हा मास्तर उठून उभे राहिले. "या! जिंकलात बुवा! अडीच वर्षं दिवे लावून ठिकाण घेतलं. असा चिवट माणूस पाहिला नाही."

का कोण जाणे, मी खाली बसलो आणि म्हणालो, "मास्तर, ठिकाण मला नकोच होतं. मला घरात करमत नव्हतं म्हणून जात होतो. बाई राहाव्यात असं वाटत होतं. सांगता आलं नाही."

मास्तरांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग मांडीवर थाप मारली आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला, डोळे पुसले, म्हणाला, "मोजणीदार, तोंड काय केलंत हो बोलताना! क्षणभर मीसुद्धा फसलो." बाकावरचा कोणीतरी म्हणाला, नारळाच्या थापेपेक्षा ही वरची. पुन्हा एकदा सांगा, ह्याने ऐकली नाही.

मी सांगितली पुन्हा. या खेपेला थोडी फुलवून.