कन्सेशन कोणाला?

खाजगी कंपन्या सरकारी रस्ते आणि पूल बांधतात, त्याचे कायदे तुला कॉलेजात शिकवतात. परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, अशा रस्त्यांनी तिथल्या लोकांचं भलं झालं का गं?" मी "झालं की" म्हणून विषय बदलला, कारण अक्का शेजारीच बसली होती. आता ती दुपारची झोपली आहे, तेव्हा नीट लिहिते. धाकट्यालाही वाचून दाखव. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो.

अक्का माझी थोरली बहीण. आपल्या शहराबाहेर कोवलमला, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, समुद्राच्या बाजूला तिचं दोन खोल्यांचं घर आहे. तिचे यजमान गेले तरी ती तिथेच राहिली. मुलगा सिंगापूरहून दर रविवारी म्हणायचा, "अम्मा, एकटी राहू नकोस, मावशीकडे शहरात, वेस्ट मांबलमला जा." तिचं उत्तर ठरलेलं असे: "दारात शेअर ऑटो येते तोवर मी इथेच."

भाजीला, देवळात, डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला ती त्या ऑटोनेच जायची. ऑटो मोठ्या रस्त्याने येत नसे. सुरूच्या झाडांमागून मातीची एक जुनी वाट होती. त्या वाटेने ती घराघरांपुढे थांबत पुढच्या वस्तीपर्यंत जाई आणि तिथून शहराची बस मिळे. मोठा रस्ता ओलांडायची वेळच येत नसे.

मग तो मोठा रस्ता रुंद करून टोल बसवायचं ठरलं. काम एका कंपनीकडे जाणार होतं. गावातल्या लग्नाच्या हॉलमध्ये सभा भरली, अक्काने मला मुद्दाम बोलावून घेतलं. सरकारी अधिकारी तमिळमध्येच बोलत होते, पण मधले महत्त्वाचे शब्द इंग्रजी. 'कन्सेशन अ‍ॅग्रीमेंट' हा शब्द तर पुन्हा पुन्हा येत होता.

आपल्याकडे कन्सेशन म्हणजे एकच गोष्ट. शाळेच्या मुलांना बसमध्ये मिळतं ते, म्हाताऱ्यांना रेल्वेत मिळायचं ते. अक्काने मला कोपराने ढोसलं. "ऐकलंस का गे? कन्सेशन देतायत."

इथे या शब्दाचा अर्थ रस्ता चालवायचा आणि टोल घ्यायचा हक्क असा आहे, हे मी सांगेपर्यंत ती उभी राहिलीसुद्धा.

"सार, कन्सेशन कितव्या वर्षापासून? आधार कार्ड आणावं लागेल?"

मागून एक मासे विकणारी बाई ओरडली, "आणि आमच्या टोपलीला? बसमध्ये टोपलीचं वेगळं तिकीट लावता तुम्ही!"

अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं. "अम्मा, कन्सेशन तुम्हाला नाही. कंपनीला आहे."

"अय्यो," ती बाई म्हणाली, "कंपनी इतकी म्हातारी झाली का?"

सगळा हॉल हसला. अधिकारीही हसले. अक्का मात्र हसली नाही. तिने मला उठवलं आणि आमच्या मातीच्या वाटेचं काय होणार, ते विचारायला लावलं.

त्यांनी काही लपवलं नाही. कंपनी आज पैसा घालणार, तो तिला पुढची कित्येक वर्षं टोलमधून परत मिळणार. गाड्या शेजारच्या फुकट रस्त्याने निघून गेल्या तर तो मिळणार कसा? म्हणून सरकारने करारात कबूल केलं होतं की जवळपास दुसरा स्पर्धक रस्ता चालू ठेवणार नाही. मातीची वाट वाहनांना बंद. पायी जायला मोकळीक.

"स्पर्धक?" अक्का म्हणाली. "सार, त्या वाटेत पावसाळ्यात म्हैस रुतते."

पुन्हा हशा झाला, आणि सभा संपली.

मी जन्मभर विमा कंपनीत नोकरी केली. लिहून दिलेल्या शब्दावरच असले व्यवहार चालतात, हे मला कळतं. असा शब्द न देणाऱ्या सरकारकडे पैसा घेऊन कोण येईल? रस्ताही चांगला झाला, खोटं कशाला सांगू? ॲम्ब्युलन्स लवकर येते. पण शब्द सरकारने कंपनीला दिला आणि वाट होती अक्काची आणि त्या मासेवालीची. त्यांना विचारायला सभा घेतली तेव्हा ठरायचं ते ठरून गेलं होतं. मी नंतर ऑफिसांत गेले. "वाट उघडता येईल," मला सांगितलं, "पण मग कंपनीचं नुकसान सरकारने भरून द्यायचं. त्यावर सही कोण करणार, मॅडम?" त्यांनी मला कॉफी दिली. मी ती प्यायले आणि घरी आले.

वाटेच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे आले. मासेवाल्या टोपली डोक्यावर धरून त्यांच्यामधून तिरक्या होऊन जातात. ऑटोवाल्याने काही दिवस मोठ्या रस्त्याने येऊन पाहिलं, पण वळायला फार लांब जावं लागे, उतारू गळाले, आणि त्याने दुसरा मार्ग धरला. वाटेने पुढच्या वस्तीपर्यंत पायी जाणं अक्काला झेपणारं नव्हतं. आता शहराची बस पकडायची तर तिला तो रुंद रस्ता ओलांडायचा होता. डोळे तिचे असे.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी मी तिला न्यायला निघाले. तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून चिडली असती. बसमधून उतरले तर ती थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात पिशवी. पलीकडे शहराची बस थांबलेली. ती एक पाऊल रस्त्यात टाकी आणि मागे घेई. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. बस निघून गेली. मी हाक मारली, पण गाड्यांच्या आवाजात तिला ती ऐकू गेली नाही. ती वळली आणि घराकडे चालू लागली.

मी पोचले तेव्हा ती पायरीवर बसून चपलेचा पट्टा काढत होती.

"बस आलीच नाही गे आज," ती म्हणाली.

"हो का," मी म्हटलं.

मग तिने चपला भिंतीशी लावून ठेवल्या. उठून आत गेली, देवापुढचा दिवा विझवला, आणि आतूनच म्हणाली, "माळ्यावरची कपड्यांची पेटी काढ. तुझा हात पोचतो."

तुमची खोली आता तिची आहे. सुट्टीत याल तेव्हा मी हॉलमध्ये गाद्या घालीन. तिच्याशी भरपूर बोला, तिला तुमचं तमिळही चालतं आणि इंग्रजीही. फक्त 'घरी कधी जाणार' असं तिला विचारू नका.