सासर कुठलं, असं मी विचारलं

भोरला बायकांच्या समुपदेशन केंद्रात मी पंधरा वर्षं बसते. समोर बाई आली की आधी पाणी, मग माहेर कुठलं, सासर कुठलं. एखादं नातं निघालं की बाई मोकळी होते, असं मी नव्या मुलींनाही शिकवलं. आमच्याकडं दोन तालुक्यांत नातं निघत नाही असं होतच नाही.

ती आली तेव्हा कडेवर तान्हं होतं. लस टोचायला जाते असं घरी सांगून आली होती. साडेबाराच्या एसटीनं परतायचं, म्हणजे हाताशी अर्धा तास. नवरा मारतो, आता गळा धरायला लागलाय, एवढं तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. मी तिला बसवलं आणि सवयीनं सासर विचारलं. भाटघर धरणाच्या आतल्या अंगाची वाडी निघाली. आडनाव ऐकून मी चक्क हसले.

"अगं, म्हणजे आमच्या चुलत वन्संची सून की तू. लग्नाला आले होते मी."

तिनं पदर मानेभोवती ओढून घेतला. मूल रडत नव्हतं, तरी त्याला थोपटायला लागली.

"तसं काय न्हाई ताई. डोकं लई दुखतंय, तेवढ्यापायी आले व्हते."

मानेवरचे वळ मी पाहिले होते. माझ्या जोडीच्या ताई पलीकडच्याच खोलीत होत्या, त्यांच्याकडं तिला नेता आलं असतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. वन्संच्या दारात पोलीस, घरी आमच्या ह्यांचं तोंड, सगळं टळलं. तिला गोळी दिली आणि नोंदवहीत लिहिलं, 'किरकोळ कुरबूर, समजूत घातली.'

इथवर मी एकदोघींना सांगितलंय. पुढचं नाही.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. सून भोरात कुणाला तरी दिसली म्हणे, तुमच्याकडं आली होती का, वहिनी? केंद्रात कोण येतं ते मी सांगत नसते, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणाले, आली होती, डोकं दुखत होतं बिचारीचं, जरा जपा तिला. जपा, असं म्हणाले मी.

सात महिने ती आली नाही. मीही चौकशी केली नाही.

मग एका सकाळी आली ती हाताला प्लॅस्टर घालून, सोबत वाडीवर आरोग्याचं काम बघणारी आशाताई. मी उभीच राहिले. या वेळी आधीच सांगून टाकलं, की तू आल्याचं सासूला त्या दिवशी मीच सांगितलं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

मी माफी मागायला लागले तर तिनं मधेच तोडलं. "ते ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या ताई हायती का हितं?"

त्या वेल्ह्याला गेल्या होत्या. यायला दोन तास, आणि नवरा सारोळ्याहून दुपारीच परतणार होता. मलाच सांग, वेळ जातोय, हे शब्द माझ्या ओठावर आले होते. गिळले. ताईंना फोन लावला, त्या लगेच निघाल्या. आतल्या खोलीची कडी आतून लागते, तेवढं तिला दाखवलं. तिनं ती दोनदा लावून-काढून पाहिली आणि आशाताईला घेऊन आत गेली.

मी बाहेरच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की उठून दार अडवून उभी राहायचे. सव्वा वाजता ताई पोचल्या. आतून कोण म्हणून विचारलं गेलं, त्यांनी सांगितलं, कडी निघाली, पुन्हा लागली. जरा वेळानं तिचा आवाज बाहेर ऐकू यायला लागला, तशी मी खुर्ची उचलून पार रस्त्यालगत नेऊन ठेवली.