दादाला कोणी धरत नव्हतं

टाळेबंदीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गावात कबड्डीचे सामने होणार हे कळलं, तेव्हा मला आनंद झाला नाही, कंटाळा आला. आम्हा शिक्षकांना त्या वर्षी शाळा सोडून सगळी कामं होती. घरोघरी जाऊन ताप मोजायचा, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहायचा, नाक्यावर बसायचं, बाहेरगावाहून आलेल्यांना शाळेच्या खोल्यांत ठेवायचं आणि वर त्यांच्या शिव्या खायच्या. मी राहतो कुडव्याला, शाळा आमगावच्या पुढे, आणि आमचं मूळ गाव त्याच रस्त्यावर. येता-जाता दोन्हीकडची कामं माझ्याच गळ्यात पडत. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते, तेवढी उरली नव्हती.

एरवी आमच्याकडे धान कापून, चुरून मळणी उरकली की हे सामने होतात. शाळेमागच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या वावरातली, खुंटं काढायची, पाणी मारून जमीन चोपायची, चुन्यानं रेषा आखायच्या. मग लोक असे बसतात की रेषेवर त्यांचे अंगठे येतात आणि पंचाला दर पाच मिनिटांनी त्यांना मागे रेटावं लागतं. आपला गडी चढाईला गेला की सगळं गाव त्याच्यासोबत दम घेतं. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडाला लावून म्हणतात. गडी धापा टाकतो की नाही ते कोणाला ऐकू येत नाही, इतका तो गलका असतो.

त्या वर्षी परवानगी मिळाली ती अटीवर. खेळाडू, पंच आणि टेबलावरची दोन माणसं सोडून मैदानात कोणी नको. गोंदियाहून आलेल्या पोलिसानं मंडळाच्या पोरांना हिंदीतून सांगितलं, "एक भी आदमी दिखा तो मैच बंद." पोरांनी घाबरून लग्नाच्या मांडवाचे पडदे भाड्यानं आणले आणि चारी बाजूंनी बांधून टाकले. त्याच्यापलीकडे दोरी. ताप मोजायची बंदूक माझ्याकडे होती, म्हणून टेबलावर मी. दारात प्रत्येकाच्या कपाळावर ती रोखायची आणि मग बसून गुण मांडायचे, असं माझं काम ठरलं. मला कोणी विचारलंही नव्हतं.

आणि दादा खेळणार होता.

दादा माझा मोठा भाऊ. चाळिशी कधीच ओलांडली, तरी गावाच्या संघातली त्याची जागा कोणी मागत नसे. गणपतीच्या दिवसांत त्याला तो आजार झाला. गोंदियाला दवाखान्यात होता, प्राणवायू लावावा लागला, पण बरा होऊन आला. आल्यावर गाव त्याच्याशी वाईट वागलं, असं मी म्हणणार नाही. सगळे चौकशी करत. पण हातभर लांबून. पानठेल्यावर तो गेला की बाकावरची माणसं उठून उभी राहत, जणू निघायचंच होतं. न्हावी म्हणायचा, पुढच्या आठवड्यात या. धान चुरायला आलेल्या बाया चहाचा कप ओट्याच्या कडेला ठेवून मागे सरत. दिवाळी आली, गेली, सरकारी कागदावर तो केव्हाच बरा झाला होता, तरी हे संपेना. सगळ्यांशी हसून-खेळून वागणारा माझा भाऊ अंगणात खाट टाकून एकटा बसू लागला.

सामन्यांचं कळलं तसा तो पहाटे बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, पळायला लागला. वहिनीनं मला गाठलं.

"भाऊजी, दोन पायऱ्या चढले तं धाप लागते त्याईले. तुमी सांगा ना. तुमचं आयकते."

माझंही तो ऐकत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी मी बोललो. दादा पायाला तेल चोळत होता. मान वर न करता म्हणाला, "मी काई जिकाले नाई जाऊन राहिलो. एकदा कोनी तंगडी धरून पाडलं ना मले, सगळ्या गावाच्या समोर, की झालं. मंग कोनी भेनार नाई."

पडदे लागणार आहेत, गाव समोर नसणार आहे, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

सामना सौंदडकडच्या एका संघाशी होता. दारात मी दादाच्या कपाळावर बंदूक रोखली. ताप नव्हता. तो आत गेला, पडद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मातीला हात लावून कपाळाला लावला.

इतका शांत सामना मी कधी पाहिला नव्हता. दादा पहिल्या चढाईला गेला आणि त्याचा दम एकट्याचा ऐकू आला. त्याच्यात मध्येच एक खरखर होती. पलीकडची पोरं कॉलेजच्या वयाची. ती मागे सरकली. मला वाटलं, डाव टाकताहेत. दुसऱ्या खेपेला दादा आतवर घुसला आणि कोपऱ्यातल्या पोराच्या खांद्याला त्याचा हात लागला. अशा वेळी गडी काय करतो? बाद तर झालोच, म्हणून जीव खाऊन पायावर झेप घेतो. हा पोरगा तसाच उभा राहिला आणि बनियनच्या काठानं खांदा पुसू लागला. दादा चालत परत आला. आम्हाला गुण मिळाला.

तिसऱ्या चढाईत धूळ घशात गेली म्हणून दादा खोकला. दम तुटला म्हणून पंचानं त्याला बाद द्यायला हवं होतं, पण पंचही शिट्टी तोंडाशी धरून एक पाऊल मागे गेला होता. आणि पलीकडची सगळी पोरं एकदम मागच्या रेषेवर.

आमच्या पोरांना हे कळायला वेळ लागला नाही. आमचा कप्तान हुशार. तो हळूच म्हणाला, "दादालेच पाठवा. त्याले कोनी हात नाई लावून राहिला." बाकीचे हसले. मग तेच सुरू झालं. दादा जायचा, कोणाला तरी शिवायचा, परत यायचा. मी गुण मांडायचो. माझ्या जोडीचा माणूस खुर्चीवर चढून पडद्यावरून हातानं खूण करायचा आणि बाहेर धुऱ्यांवर उभं असलेलं गाव ओरडायचं. त्यांना वाटत होतं, दादा पूर्वीसारखा खेळतोय. मला त्या पोरांचा भयंकर राग आला, दोन्हीकडच्या. आमची तर आपल्याच माणसाच्या दुखण्याचं हत्यार करून जिंकायला निघाली होती आणि त्यात त्यांना काही वाटत नव्हतं.

लोक आत असते तर हे चाललंच नसतं. पहिल्याच खेपेला बायकांनी हुर्यो उडवली असती, म्हाताऱ्यांनी सौंदडच्या पोरांची आय-माय काढली असती, आणि त्या लाजेनं का होईना, कोणीतरी दादाच्या कमरेला मिठी मारली असती. आमच्याकडे अर्धं धाडस त्या गलक्यातूनच येतं.

मधल्या सुट्टीत दादा माझ्या टेबलापाशी येऊन बसला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"पाहून राहिला ना तू?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग?"

मी म्हणालो, "दमलास, आता बसून घे. बदली गडी आहे."

"बसूनच तं होतो इतके दिवस," तो म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला तो मध्यरेषेवर उभा राहिला आणि पलीकडच्या पोरांना म्हणाला, "कायले भिऊन राहिले बे? बरा झालो मी. कागद आहे घरी."

त्यातला एक जण खाली बघत म्हणाला, "तसं नाई काका, तुमी खेळा ना."

मैदानात कोणी कोणाला काका म्हणत नाही. दादाच्या तोंडावर मारल्यासारखं झालं. पंचानं बोलू नका म्हणून शिट्टी वाजवली आणि खेळ पुढे सुरू झाला. पण आता दादाचे पाय जड झाले होते. दोन-तीनदा तो रिकामाच परतला. आमची बाकीची पोरं धरली जाऊ लागली, आणि होती ती आघाडी बघता बघता संपली.

सौंदडकडच्या संघात दादाच्या वयाचा एक गडी होता. राइस मिलमध्ये पोती उचलणारा, दादाचा जुना वैरी. अंगठ्याला चिंधी बांधून तो बाहेर बसला होता आणि बराच वेळ आपल्याच पोरांवर चरफडत होता. गुण बरोबरीत आले तसा तो उठला, तोंडावरचा रुमाल खिशात कोंबला आणि एकाच्या बदली आत आला. "हटा, तुमच्यानं नाई होत," म्हणाला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्याला दया-बिया काही आली नव्हती. त्याला जिंकायचं होतं.

शेवटची चढाई आमची. कप्तानानं दादाला कानात सांगितलं की नुसतं जाऊन या, उजवीकडच्या पोट्ट्याले शिवा आणि या. बाहेर गावानं दम घेतला होता, कबड्डी, कबड्डी. दादा गेला आणि सरळ डाव्या कोपऱ्याकडे वळला. मी पाहत होतो. त्यानं पाय पुढे टाकला, एरवी टाकतो त्याहून जरा जास्तच, आणि त्या गड्यानं खाली झेप घेऊन घोटा पकडला. एकानं धरल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. एकामागून एक सगळे त्याच्यावर पडले. दादा त्या ढिगाखाली दिसेनासा झाला. लांब शिट्टी वाजली. दादा बाद. सामना गेला.

श्वास कोंडला तर? मी खुर्ची सोडून धावलो. पण तो राइस मिलवाला आधीच दादाला हाताला धरून उठवत होता. आमच्याकडे रीत आहे, धरणाऱ्यानं धरलेल्याच्या पाठीवरची माती झाडायची. तो चांगला दणादण हात मारत पाठ झाडत होता. मग आणखी दोघं-तिघं झाडायला आली. खांदा पुसणारा पोरगा मात्र लांबच उभा होता. दादा धापा टाकत होता, कोपर सोलवटलं होतं, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुळीचं होतं असं मी तेव्हा धरून चाललो.

बाहेरचं कबड्डी, कबड्डी अजून सुरूच होतं. त्यांना काय कळणार?

दादा पडदा उचलून बाहेर आला. दोरीपलीकडे सगळं गाव. वहिनीही होती, पाण्याची बाटली घेऊन.

"काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"धरलं मले," दादा म्हणाला.

"हारलो का?"

"हारलो. घोटा धरला त्यानं, मंग सातही जन अंगावर पडले." तो एखाद्या लहान पोरासारखा घाईघाईनं सांगत होता. "पाठ झाडून देल्ली."

"येवढे पुढं होतो आपन," एक जण वैतागून म्हणाला. आणि दादा दोरी ओलांडून त्यांच्यात शिरला तशी माणसं, रोजच्यासारखी, मुद्दाम काही नाही, हातभर मागे सरली. मध्ये वाट झाली.

दादा त्या वाटेत थांबला. त्यानं एकेकाकडे पाहिलं आणि मग मागे वळून मला म्हणाला, "तू सांग ना याईले. तू पाह्यलं ना."

मी सांगितलं. कोणी धरलं, कुठं धरलं, कसे सगळे पडले, ते सगळं सांगितलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं, मानाही डोलावल्या. वाट होती तेवढीच राहिली.