साडूच्या गाडीचं हिरवं पाणी

माझ्या साडूने, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, स्वतःची गळकी मोटरसायकल माझ्या माथी मारली, असं मी दोन महिने सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरलो. तो चूक कबूल करत नाही तोवर त्याच्या इंदिरानगरच्या घरात पाऊल ठेवणार नाही, हेही जाहीर केलं. रविवारी त्याच्या मुलीचा वाढदिवस होता. बायको एवढंच म्हणाली, "एकटी गेले तर ताई रडेल. नाही गेले तर मी."

सिन्नरच्या कारखान्यात झाडू मारण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचं वर्कशॉप उभं केलंय. मला कुणी फसवावं? शनिवारी सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी अंगणात घेतली.

दर आठवड्याला कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, कमी होत होतं, पण खाली थेंब दिसत नव्हता. ऑइल स्वच्छ होतं, म्हणजे पाणी आत शिरत नव्हतं. पंप कोरडा. झाकणाचं रबर ठीक. थेंब गरम इंजिनवर पडून तिथेच वाळत असणार. मी घरातून रांगोळीचा डबा आणला आणि सगळ्या पाइपांवर पांढरी पूड भुरभुरवली.

"अहो, माझी रांगोळी! ओवाळताय की काय गाडीला?"

"तुझ्या दाजींचं पाप उघडं पाडतोय."

"मग कुंकूही आणते!"

इंजिन सुरू केलं. ते तापलं तशी खालच्या पाइपावर पांढऱ्यातून हिरवी रेघ उतरली. "सापडला!" म्हणत मी अंगणात नाचलोच. इंजिन बंद करून वाकलो आणि रेघ कुठून येते ते पाहत वर गेलो. ती एका तारेपाशी संपली. लिंबू-मिरचीच्या तारेपाशी.

ती मीच बांधली होती. गाडी घेऊन निघालो तेव्हा साडू तिच्याकडे हावरटासारखा बघत होता. त्याची नजर लागू नये म्हणून! वर उरलेली तार कापून वाया कशाला घालवायची, म्हणून पाइपाभोवती गुंडाळली होती. तिने घासून घासून भोक पाडलं होतं.

बायकोने वाकून पाहिलं आणि हसत पायरीवरच बसली. मी आधी भडकलो, मग मलाही हसू आवरेना.

नवा पाइप घातला, क्लिपा आवळल्या, कूलंट भरून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. पुन्हा रांगोळी टाकली. पांढरीच राहिली. मग साडूला फोन करून सगळं कबूल केलं. तो म्हणाला,

"माफी मागायची तर सगळ्यांसमोर, साडूभाऊ. केक कापायच्या आधी."

"आत्ता मागतो ना, फोनवर."

"फोनवर चालणार नाही."

"बरं, केक कापल्यावर. फक्त घरच्यांसमोर."

"कारणासकट?"

"कारण कशाला लागतं?"

"लागतं!"

रविवारी बायको त्याच गाडीवर मागे बसून आली. साडूने फाटकातच वाकून इंजिनखाली हात फिरवला आणि कोरडी बोटं मला दाखवली. केक कापून झाला. मी घसा साफ करून म्हणालो, "माझ्याकडून जरा..." तेवढ्यात बायकोने पर्समधून ती तार काढून केकशेजारी ठेवली, वाळक्या मिरचीसकट. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसायला लागल्या की पुढचं कुणाला ऐकूच जाईना.

उरलेली माफी मी लगेच परत घेतली. अर्धीत सौदा मिटला होता.