उणी बाकी आन् माझी गाय

दुष्काळात गावच्या सोसायटीनं छावणी घातली. जनावरं तीन दावणीला. उसाच्या वाढ्याच्या, म्हंजे हिरव्या शेंड्याच्या, पेंढ्या वाटायचं काम माझं, का तर मला दुसरं काईच येत न्हाई. रीत आशी: पेंढी फोडायची न्हाई, तिन्ही दावणीला सारख्या टाकायच्या. उरलं तर वाटणाऱ्याच्या गायीला.

सेक्रेटरीची सून अंबाजोगाईत कम्प्युटर शिकलेली. वाटपाचा प्रोग्राम तिनंच लिहायला घेतला. एकदा मी सात पेंढ्या जास्तीच्या टाकून बसलो. त्या दुसऱ्या दिवशीच्या वाटपातून कापायच्या होत्या.

सूनबाई म्हणली, "मामा, उणे सातला तीननं भागायचं. दावणीला दोन-दोन कापल्या तर एक कापायची ऱ्हाती, म्हंजे बाकी उणे एक. तीन-तीन कापल्या तर नऊ हुत्यात, दोन उरत्यात. कम्प्युटरच्या काही भाषा आसं धरत्यात, काही तसं. आपण कसं धरायचं?"

"तीन-तीन!" मी उडीच मारली. "बाकी कुटं उणी आसती का? बाकी कशी, हाताला लागली पाहिजे!"

"शाळा न्हाई शिकलात, पण लई बरोबर बोललात मामा."

मी फुगलो. पारावर सांगत सुटलो. एक जण म्हणला, "काय बे, इंजिनेर झाला का?" मी म्हणलं, झालोच समज. उरलेल्या दोन पेंढ्या माझी गाय खाणार, हे तेवढं सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी तीन-तीन कापल्या. शेवटच्या दावणीच्या टोकाला एका धनगर आजीची गाय होती, हाडं मोजून घ्यावीत आशी. तिच्यापातूर पेंढी पोचलीच न्हाई. गाय खाली बसली, उठंना.

आजी म्हणली, "आज हात आखडला का रं बाबा?"

"मी न्हाई आजी, कम्प्युटरनं."

मागं माझी गाय कचाकचा चावत होती. आजीनं तिकडं बघितलं, आन् माझ्या गायीच्या तोंडातून पडलेली पानं येचून पदरात घ्यायला लागली. मला म्हणली, "चालंल ना रं?"

माझी मान वर हुईना. माझ्या गायीच्या म्होरची दुसरी पेंढी उचलली, आजीच्या गायीम्होरं टाकली. बराच येळ नुसतं हुंगलं तिनं. मग खाल्लं, गुडघं टेकत उठली.

आजी हसली. "सुदारला वाटतं तुजा कम्प्युटर."

तवाच खरं सांगायचं होतं. मी म्हणलं, "हाव आजी, सुदारला."