चकाचक चाकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कारंजाला ढाब्याशेजारी गॅरेज असलेल्या त्या मिस्त्रीचा काहीच दोष नव्हता.

ब्रेकची काळी भुकटी चिमटीत घेऊन तो वैद्यासारखी हुंगायचा आणि मग गिऱ्हाईकाची अक्कल काढायचा. माझ्या सेकंडहँड लाल स्पोर्ट्‌स कारची चंदेरी चाकं त्या भुकटीनं दोन दिवसांत काळवंडत. सरकीच्या धंद्यात नवा पैसा आलेला. मला गाडी चालवण्यापेक्षा दाखवण्याची हौस जास्त.

"शेटजी, ब्रेकचा पॅड घासते म्हणून चाक काळं होते," तो म्हणाला. "कमी भुकटीवाला पॅड पकडते बी कमी. तुमाले गाडी थांबवाची हाय का मिरवाची?"

मी हट्टानं कमी भुकटीवालेच पॅड बसवून घेतले. त्यानं जुने पेपरात बांधून हातात दिले. "ठेवजा, लागतीन."

आठवड्यात ब्रेक पुरता लागला नाही आणि गाडी ढाब्यासमोर टाकलेल्या बाजांत घुसली. लोक उड्या मारून वाचले. सगळ्यांदेखत मी ओरडलो, "या मिस्त्रीनं माये ब्रेक बिघडवले!"

तो उकिडवा बसला आणि बाहीनं माझं चाक पुसलं. "चाक मात्र चकाचक हाय, शेटजी."

त्यानंतर ट्रकवाले ब्रेकसाठी त्याच्याकडे थांबेनासे झाले. त्याच ढाब्यावर, सगळ्यांदेखत, चूक माझी होती एवढं सांगण्याचं देणं मी त्याला अजून लागतो.